काठातलं बटण

डी.एड. होऊन मला दीड वर्ष झालं होतं. जिल्हा परिषदेच्या यादीत नाव होतं, पण ऑर्डर निघत नव्हती. महिन्यातून एकदा मी परभणीला जाऊन विचारून यायची आणि तिथला कारकून फायलीतून मान वर न काढता "निघेल" म्हणायचा. बाबा रेल्वेत गँगमन होते, ते निवृत्त झाले होते. पाठची दोघं भावंडं शिकत होती. म्हणून मी परभणीत स्टेशन रस्त्यावरच्या एका मोठ्या कापड दुकानात कामाला लागले. पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत.

काम जरा वेगळंच होतं. दाराशी उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्या बघायच्या. लग्नसराईत बस्ता बांधायला एकेका घरची पंधरा-वीस माणसं यायची, गादीवर साड्यांचा ढीग पडायचा, त्यातली एखादी कुणाच्या पिशवीत सरकली तर कुणाला पत्ता लागत नसे. दुकानातल्या गड्यांनी बायकांच्या पिशव्या तपासल्या की भांडणं व्हायची. शेठजींनी हैदराबादच्या एका दुकानात एक युक्ती पाहिली होती, ती त्यांनी उचलून आणली. प्रत्येक भारी साडीच्या पदराच्या काठात एक पितळी बटण बसवायचं. बटणाच्या दोन टिकल्या, मधे सुईसारखा खिळा. खिळा धाग्यांमधून आरपार जायचा आणि पकडीनं दाबलं की दोन्ही टिकल्या एकमेकींना घट्ट धरून बसायच्या. बिल झालं की मुनीम एका खास चिमट्यानं ते बटण उघडायचा. तो चिमटा एकच होता आणि गल्ल्याजवळ साखळीनं बांधलेला होता. बोटांनी किंवा सुरीनं बटण काढायला गेलं तर जरीची तार उसवायची, काठ फाटायचा. म्हणजे दाराशी आलेल्या साडीला बटण असलं तर ती बिलाशिवाय निघाली, एवढं साधं. मी एवढंच बघायचं होतं.

शेठजींनी मला कामावर घेताना विचारलं होतं, "पिंगळीत कुठं राहता?" मी आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चालेल. बटण डोळ्यानं दिसतं. गिऱ्हाईकाच्या सामानाला हात लावायचा नाही. पिशवी त्यांनाच उघडायला सांगायची." मला ती दुकानाची रीत वाटली. पंधरा दिवसांनी एका म्हातारीच्या हातून पिशवी निसटली, मी ती वाकून उचलून दिली, तेव्हा मुनीम लांबून म्हणाला, "सांगितलंय ना तुला." त्या दिवशी मला ती रीत कळली. मी घरी कुणाला सांगितलं नाही. नोकरी होती, शेठजी ‘अहो’ म्हणत होते, आणि हे तात्पुरतं आहे असं मी रोज गाडीत स्वतःला सांगत होते.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा लोंबकळत होता. अठ्ठ्याहत्तर साली माझ्या आत्याच्या गावात घरं जळाली आणि ती तीन लेकरांना घेऊन आमच्याकडं आली, चार महिने राहिली. तेव्हापासून बाबांनी कुठल्याच गोष्टीत आवाज चढवणं सोडलं होतं. ते रस्त्यानं चालायचे तेसुद्धा कडेनं.

ती बाई आली ती वैशाखातल्या एका दुपारी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्यासोबत सासू नव्हती, नणंदाही नव्हत्या, फक्त नवरा होता आणि तो बाहेर रिक्षात सामान रचत होता. चांगल्या घरची दिसत होती. हातात सोन्याच्या पाटल्या, डोक्यावरून पदर. वय माझ्याएवढंच असेल, पंचविशीच्या आत. तिनं माझ्यासमोर पिशवी उघडली. वर लहान मुलीचं झबलं होतं, त्याखाली एक जांभळी साडी, घडी विस्कटलेली. आणि घडीच्या टोकाला पितळ चमकलं.

मी वर बघितलं. मला दिसलं हे तिलाही दिसलं होतं. तिच्या ओठांवरचा रंगच गेला. आणि तिनं माझा हात धरला. मनगट नाही, हात. तिचा तळवा घामानं ओला होता.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न हाय. आई न्हाई आमाला. सगळ्यांच्या साड्या घ्यायला सांगितल्या, तिला एक घ्या म्हणलं न्हाई कुणी. मी मोठी बहीण. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

मागं बायका खोळंबल्या होत्या. बाहेरून नवऱ्यानं हाक मारली. मी म्हणाले, "जा."

मला दया आली होती, असं मी पुढं अनेकदा स्वतःशी म्हणाले. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. त्या दारात मी तीन महिने उभी होते आणि गिऱ्हाइकांतल्या कुणी माझा हात धरला नव्हता. तिनं धरला, आणि मला जणू मोठेपणा मिळाल्यासारखं झालं. त्या मोठेपणाच्या भरात मी ‘जा’ म्हणाले.

पाच-सहा दिवस गेले. मी रोज धास्तावलेली असायची, मग जरा सैल झाले. आणि एका सकाळी तिचा नवरा दुकानात आला.

मी त्याला ओळखलं. उंच, धोतर-शर्टातला, बोलायला खडा माणूस. त्यानं कागदात गुंडाळलेली जांभळी साडी गादीवर ठेवली आणि शेठजींना म्हणाला, "हे बघा शेठ, तुमच्या माणसानं बटण काढायचं सोडूनच दिलं. घरचे उलथण्यानं काढाया लागले होते. मीच म्हणलं, फाटंल, दुकानातून काढून आणतो."

तो अगदी प्रामाणिकपणे बोलत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. खिशातून त्यानं बिलसुद्धा काढून दिलं, घडी नीट केलेलं. शेठजींनी बिल वाचलं, पुन्हा वाचलं. मुनीमानं त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. मग शेठजी हसले आणि म्हणाले, "चूक आमचीच. बटण राहिलं आणि बिलात लिहायचीही राहिली बघा." त्या माणसाच्या कपाळाला आठी पडली. त्याला वाटलं आपल्यावर संशय घेतायत. त्यानं तिथल्या तिथं साडीचे पैसे मोजले, मुनीमानं चिमट्यानं बटण उघडलं, आणि तो साडी बगलेत मारून, माझ्याकडं न बघता, दारातून गेला.

मला वाटलं, सुटलं. साडीचे पैसे आले, कुणाचं काही गेलं नाही.

शेठजींनी मला आत, मालाच्या खोलीत बोलावलं. मुनीम दाराला टेकून उभा राहिला.

"वालूरचं घराणं आहे ते," शेठजी म्हणाले. "तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. ते चोरी करणार नाहीत. मग बटण असलेली साडी तुमच्या समोरून गेली कशी?"

"गर्दी होती. माझ्या नजरेतून सुटली."

"आणि बाकीच्या तीन?" मुनीम म्हणाला.

मला त्या तिन्हींची कल्पनाच नव्हती. त्या महिन्यात आणखी तीन साड्या हिशेबात लागत नव्हत्या, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. "बटणं लावल्यावर साड्या जातातच कशा, हेच कळत नव्हतं आम्हाला," मुनीम शेठजींना म्हणाला, माझ्याकडं न बघता, मी तिथं नसल्यासारखा. "आता कळलं. दारच उघडं होतं. बाहेर कुणीतरी हिचंच माणूस उभं असणार."

"माझं कुणी नाही," मी म्हणाले. "मी साडी घेतली नाही. कुणालाच दिली नाही."

शेठजी वाईट माणूस नव्हते आणि त्यांना ओरडता येत नव्हतं. "दोन दिवस देतो," ते म्हणाले. "घरी विचार करा. खरं सांगा, कोण कोण आहे ते. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल."

पोलिसांत. मी दुकानातून बाहेर पडले ती स्टेशनपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. शिक्षकाची ऑर्डर निघाली की पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी होते. ठाण्यात एक ओळ लिहिली गेली की संपलं. सात वर्षं बाबांनी रुळावरच्या खडीत उभं राहून मला शिकवलं होतं, ते एका ओळीत जाणार होतं. दुपारच्या वेळी पिंगळीला गाडी नव्हती. मी फलाटाच्या टोकाला जाऊन बसले. एक मालगाडी आली, लांबच लांब. ती जवळ येत असताना मी उठून उभी राहिले होते. कशासाठी उठले ते मला सांगता यायचं नाही. झेंडी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं बाबांचं नाव घेऊन "त्यांची पोरगी ना तू?" असं विचारलं, आणि मी परत बसले.

रात्री न सांगताच राहिले असते, पण माय चेहरा बघून समजली. मी सगळं सांगितलं. हात धरल्याचंही सांगितलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तू एकटी चोर ठरणार न्हाईस. वस्ती ठरंल. लोक म्हणतील, बघा, ह्यांना शिकवलं, दुकानात घेतलं, आन काय केलं."

"मग मी काय करू?"

"मला कळत न्हाई, बाई," ते म्हणाले. माझे बाबा असं कधी म्हणाले नव्हते. एवढ्या तेवढ्यालाही त्यांच्याकडं काहीतरी उपाय असायचा.

सकाळी मी घरात परभणीला जाते म्हणून सांगितलं आणि सेलूचं तिकीट काढलं. सेलूहून जीपनं वालूर. जीपमध्ये मी मनातल्या मनात बोलत होते. पाया पडेन. म्हणेन, फक्त शेठजींना एवढं सांगा की दारातल्या बाईचा ह्यात हात नव्हता. चिठ्ठी द्या. सही नको. मला वाटत होतं की तिनं हात धरला होता, म्हणजे ती ऐकेल. एवढ्या एका गोष्टीवर मी निघाले होते.

घर विचारत विचारत गेले. मोठं घर, पुढं बैल बांधलेले. ओट्यावर सासू डाळ निवडत होती. "कुणाची गं तू?" तिनं विचारलं. मी म्हणाले, परभणीच्या दुकानातून आले, साडीचं बटण नीट निघालं का, काठ खराब झाला का, बघायला पाठवलंय. म्हातारीला ते पटलं. उलट बरं वाटलं. "बघा, दुकानदार असावा तर असा," ती म्हणाली आणि आत हाक मारली, "सूनबाई, परभणीची बाई आलीय. पाणी आण."

ती उंबऱ्यात आली. मला बघून तिथंच थांबली. पुन्हा आत गेली आणि तांब्या घेऊन आली. सासूनं तोवर मला विचारलं होतं, गाव कोणतं, पिंगळीत कुठं, बाप काय करतो. मी सगळं खरं सांगितलं होतं. सासूनं सुनेकडं नुसतं बघितलं. सून ओट्याच्या पायरीवर उभी राहिली, मी ओंजळ धरली, आणि तिनं वरून पाणी ओतलं. चांगलं हातभर अंतर ठेवून. मी प्याले. उन्हातून आले होते, तहान लागली होती.

"जरा वेशीपर्यंत वाट दाखवता का?" मी म्हणाले. सासू डाळीत वाकली होती, तिनं मान डोलावली.

गोठ्याच्या भिंतीआड ती थांबली. मी सगळं भराभरा सांगितलं. शेठजी, मुनीम, तीन साड्या, पोलीस, माझी ऑर्डर. ती दोन्ही हातांनी पदर धरून ऐकत होती.

"त्या तीनचं मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "मी तेवढी एकच. देवाशपथ."

"ते कळतंय मला. मला फक्त शेठजींना एक चिठ्ठी..."

"चिठ्ठी लिवली तर ती ह्यांच्या हातात यायला किती येळ? ह्यांना वाटतंय दुकानाची चूक झाली. खरं कळलं तर मला मारणार न्हाईत, ते तसले न्हाईत. माहेरी घालवतील. माहेरी कोण हाय? बाप दुसरी करून बसलाय. बहिणीचं लगीन मोडंल." तिनं एकदा ओट्याकडं वळून बघितलं. "तुमी बघितलंच न्हाई म्हणा ना. एवढं म्हणायला काय लागतं? तुमाला कोण घराबाहेर काढणार हाय?"

"मला पोलिसांत देतायत, वैनी."

घरातून लहान मुलीच्या रडण्याचा आवाज आला. ती म्हणाली, "मी जाते. परत येऊ नका." आणि गेली.

मी तिच्यावर चिडायला पाहिजे होतं. जीपमध्ये बसल्यावर मी चिडायचा प्रयत्नही केला. पण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मला तिथंच, भिंतीआड, कळलं होतं. राग असता तर त्याचा काहीतरी आधार झाला असता. सेलूच्या स्टेशनवर मी दुपारभर बसून होते. भूक लागली होती आणि खायची इच्छा नव्हती. उद्या काय सांगायचं, याच्या पलीकडं डोकं जातच नव्हतं. तिचं नाव सांगावं तर माझ्या शब्दाला शेठजी किती किंमत देतील? वालूरच्या घराण्याची सून चोर, असं आमच्या वस्तीतली एक पोरगी म्हणते. त्यानं काय होईल ते मला माहीत होतं. आणि नाही सांगावं तर मीच.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्यासोबत आले. मी नको म्हणत होते. ते धुतलेला सदरा घालून आले, आणि दुकानाच्या बाहेर, पायरीच्या खाली, उभे राहिले. शेठजींनी आत या म्हटलं तरी आले नाहीत.

मी मालाच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "शेठजी, ती साडी मी बघितली होती. बटण दिसलं होतं. मी जाऊ दिली."

मुनीम म्हणाला, "बघा."

"बाकीच्या तीन मला माहीत नाहीत. मी पैसे घेतले नाहीत. माझं बाहेर कुणी उभं नव्हतं. फक्त ती एक."

"का जाऊ दिली?" शेठजींनी विचारलं.

मी काय सांगणार होते? हात धरला म्हणून, असं म्हणाले तर कुणाचा हात, हे आलं. मी खाली बघत म्हणाले, "चूक झाली."

"कोण होती ती?"

मी नाव घेतलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मुनीम हसत म्हणाला, "वालूरवाल्यांचं नाव घ्यायची हिची हिंमत नाही. खोटं पचणार नाही ना." शेठजींनी त्याला हातानं थांबवलं. मला वाटतं त्या क्षणी शेठजींना ती कोण ते कळलं. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. हिशेब मांडताना असतं तसं. पोलिसांत गेलं तर साडी कुणाच्या घरी सापडली, कुणी पैसे भरले, हे सगळं लिहावं लागणार होतं. वालूरचं घराणं ठाण्याच्या कागदावर येणार होतं. ते त्यांना नको होतं. म्हणजे ते पोलिसांत कधी जाणारच नव्हते. दोन रात्री मी जे काही भोगलं ते एका नुसत्या धमकीपायी होतं.

त्यांनी एक कोरा कागद पुढं केला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे एक साडी बटणासह बाहेर गेली, मी कामावरून स्वखुशीने जात आहे,’ असं लिहून घेतलं. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, शिक्षकाचं. सही केली. कागद त्यांनी घडी करून तिजोरीत ठेवला आणि मी बाहेर आले.

बाबा पायरीखालीच उभे होते. आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी मला केळी घेऊन दिली, लहानपणी द्यायचे तशी.

पुढचे आठ महिने मी त्या कागदासोबत काढले. कुणी परभणीहून आलं की मला वाटायचं, कागद निघाला. दुकानात माझ्या जागी कोण उभं राहतं, साड्या जायच्या थांबल्या का, त्या तीन कुणी नेल्या, हे मला कधीच कळलं नाही. विचारायची सोयच नव्हती. शेतात निंदायला गेले, खाली मान घालून. वस्तीत कुणाला काही कळलं नव्हतं, तरी बायका आपल्याकडं बघून बोलतात असं वाटायचं. मायला मी एकदा म्हणाले, ऑर्डर आलीच नाही तर बरं. निदान चौकशी होणार नाही.

ऑर्डर आली. जिंतूर तालुक्यातल्या एका वाडीची शाळा. आणि महिन्याभरानं हवालदार चौकशीला आला. सायकलवरून आला होता, घामाघूम. त्यानं माझं नाव विचारलं, वडलांचं, शिक्षण कुठं झालं, कुठं नोकरी केली होती का. मी म्हणाले, "परभणीत, कापड दुकानात." त्यानं लिहिलं. "सोडली कामून?"

बाबा म्हणाले, "ऑर्डर यायची होती ना साहेब. लेकीला मास्तरीण करायचं होतं."

हवालदारानं मान डोलावली. मायनं चहा दिला. त्यानं तो बशीत ओतून घेतला, शेजाऱ्याला बोलावून एक अंगठा घेतला, आणि सायकल वळवून निघून गेला. एवढंच. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो दिसेनासा झाल्यावर मी घरामागं गेले आणि ओकले. दोन्ही हात भिंतीला लावून बराच वेळ उभी होते. बाबा मागून आले, तांब्या ठेवला आणि परत गेले.

सोमवारी मी शाळेवर हजर झाले. एका खोलीत चार वर्ग होते आणि खडूचा एकच डबा. पहिल्या दिवशी हजेरी घेताना एका मुलीनं ‘हजर बाई’ म्हटलं आणि मी पुढचं नाव वाचायच्या आधी जरा थांबले, कारण मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी पुढचं नाव वाचलं.